सर्वांत उंच वाढली, तीच जात निवडावी का?

प्रश्न : धने, जिरे आणि बडीशेप यांच्या नव्या जाती आणून एकेक ओळ लावून पाहिली. धन्याची एक जात बाकीच्यांपेक्षा उंच आणि गर्द हिरवी दिसते. आमच्याकडे थंडी लवकर सरते, मग ऊन एकदम चढते. पुढच्या हंगामात तीच लावावी का?

उत्तर : एवढ्यावरून ठरवू नका. भरपूर पाला हे बरेचदा उशिरा फुलणाऱ्या जातीचे लक्षण असते. कोथिंबिरीच्या जुड्या विकायच्या असतील तर ती उत्तम, पण धन्यासाठी तिचा भरवसा नाही. उपोष्ण हवामानात ऊन तापण्याआधी दाणा भरायला हवा, नाहीतर दाणे पोचट राहतात. फार लवकर फुलणारी जातही अडचणीची, कारण फुलोऱ्यात दव गोठण्याइतकी कडक थंडी पडली की फुले जळतात. म्हणून उंची मोजण्याआधी प्रत्येक जातीची निम्मी झाडे कितव्या दिवशी फुलली, ते लिहून ठेवा.

एकेका ओळीवरून जातींची तुलना होत नाही. बांधाजवळची ओळ, ओलाव्याची ओळ, यांतच निकाल फिरतो. प्रत्येक जातीचे सारख्या मापाचे निदान तीन वाफे करा, ते रानभर विखरून ठेवा आणि तुमची नेहमीची जात सोबत लावाच. तिच्याशिवाय नवी जात सरस की हंगामच चांगला, हे कळणार नाही. धने रगडून त्यांच्या दोन फोडी करून पेरा. अख्खे पेरल्यास उगवण मागेपुढे होते. जागा असेल तर पंधरा दिवसांच्या अंतराने दुसरी पेरणीही करा. दोन्ही पेरण्यांत टिकते ती जात कामाची. काढणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून फक्त आतल्या झाडांचा, वाळवून उफणलेला माल तोला.

जिऱ्यात आधी रोग बघा, मग उत्पन्न. गुजरात जिरे-४ ही जात मर रोगाला (उभे झाड वाळून मरते) तोंड देते म्हणून नावाजली, पण मर सोसणारी जात करप्यालाही दाद देणार नाही असे समजू नका. फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा राहिली की करपा झपाट्याने पसरतो. मेलेली झाडे दर आठवड्याला मोजा.

बडीशेपेला सहा महिन्यांच्या आसपास रान अडकते आणि छत्र्या, म्हणजे दाण्यांचे छत्रीसारखे झुपके, एकदम पिकत नाहीत. सगळ्या तोडण्यांचे वजन एकत्र धरा.

माल तेलासाठी जाणार असेल तर निवड बदलते. टपोरा धना दिसायला देखणा, पण तेल सहसा बारीक दाण्यात जास्त.

धने आणि बडीशेप यांच्या फुलांवर मधमाश्या भरपूर येतात आणि जाती एकमेकींत मिसळतात. चाचणीच्या वाफ्यातले बी पुढच्या पेरणीला ठेवू नका. खात्रीचे बियाणे नव्याने घ्या आणि निदान दोन हंगामांचे आकडे हाती येईपर्यंत सगळे रान एकाच जातीखाली आणू नका.