वाचकांचे प्रश्न: टाहोच्या काठाकाठाने, कयाकमधून

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की लेक टाहो, म्हणजे कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचं डोंगरातलं मोठं तळं, रस्त्यावरून बघणं वेगळं आणि पाण्यात बसून बघणं वेगळं, जमलं तर एक कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, भाड्याने घ्या. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले पाच घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं पण यातच सापडतील असं वाटतं.

प्रश्न: ताई, जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून येतायत. बाबा ६६, आई ६१. बाबा लहानपणी विहिरीत पोहलेत, आईला पोहणं येत नाही आणि तिचे गुडघे दुखतात. त्यांना एमराल्ड बे कयाकमधून दाखवायची खूप इच्छा आहे. नेऊ का? (सनीव्हेलहून एक वाचक)

न्या, पण एमराल्ड बेचा, म्हणजे टाहोच्या त्या खाडीचा, अख्खा पल्ला त्यांच्यासोबत नको.

कारण सांगते. बहुतेक लोक बाल्डविन बीचवर कयाक घेतात. तिथून किनारा धरून दोनेक मैल गेलं की खाडीचं तोंड लागतं, मग आत विकिंगशोम नावाचा काठावरचा जुना वाडा आणि फॅनेट बेट, आणि तेवढंच सगळं परत. म्हणजे सहा-सात मैल वल्हवायचं. पहिल्यांदा वल्हं हातात धरणाऱ्याला यात सहज तीन-चार तास जातात आणि परतीच्या वेळी नेमका वारा सुटलेला असतो. हे तुम्ही मित्रांबरोबर करा, आईबरोबर नको.

दुसरा रस्ता म्हणजे वरच्या पार्किंगपासून पायी विकिंगशोमला उतरायचं, त्या बीचवर पण उन्हाळ्यात कयाक भाड्याने मिळतात आणि बेट तिथून अगदी समोर दिसतं. पण उतरायला एक मैल आहे आणि परत येताना तोच एक मैल खडा चढ. आणि कळसूबाई १६४६ मीटर, टाहोचं पाणीच १८९७ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर. तिथे चढताना धडधाकट माणसाला पण धाप लागते, गुडघे दुखणाऱ्या आईला तो चढ मी तरी सांगणार नाही. बाबांना बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

मग मी काय करेन? पहिल्या दिवशी संध्याकाळी नुसतं रस्त्यावरच्या कठड्यावरून खाडी दाखवेन, तो देखावा खरंच डोळे भरून येतील असा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच एखाद्या वाळूच्या बीचवर जाऊन दोन टँडम म्हणजे दोघांच्या कयाक घेईन आणि प्रत्येकीत एक वल्हवणारा तरुण मागे, आई किंवा बाबा पुढे. दोघांना एकाच कयाकमध्ये बसवून "तुम्ही दोघं मजा करा" असं कृपा करून करू नका, मी हे तीन-चार वेळा बघितलंय, दोघं घाबरतात, एकमेकांवर चिडतात आणि कयाक गोल गोल फिरत राहते. मागे बसलेला माणूस दिशा ठरवतो, पुढच्याने हवं तेव्हा वल्हं मारायचं, नको तेव्हा मांडीवर ठेवून बघत बसायचं. पाऊण तास, किनाऱ्यापासून वीस-तीस फुटांवर, जिथे उभं राहिलं तर पाय टेकतील तिथेच. एवढ्यात सगळं मिळतं. खालचे गोटे दिसतात, पाण्यात पडलेली झाडं दिसतात, आई हात बुडवून बघते आणि "अगं किती गार" म्हणते, झालं की.

सिट-ऑन-टॉप कयाक मागा, म्हणजे वरून उघडी, पाय कशात अडकत नाहीत. बसायची पद्धत आईला बीचवरच दाखवा: कयाक नडगीभर पाण्यात धरायची, सीटकडे पाठ करायची, खाटेवर बसतो तसं आधी बूड टेकायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा. उतरताना उलट. उभं राहून पाय टाकला की कयाक कलंडते. सुती साडी, सुती सलवार, जीन्स नको, एकदा भिजली की वाळत नाही आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. पातळ सिंथेटिक ट्रॅकपँट, मागे पट्टा असलेले सँडल, टोपी, चष्म्याला दोरी. त्या उंचीवर ऊन फार लागतं, गार वाऱ्यात कळत पण नाही, सनस्क्रीन हाताच्या पाठीवर सुद्धा लावा.

लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. खांद्याला धरून वर उचललं आणि जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, दुसरं मागा. तेरा वर्षांखालच्या मुलांना कॅलिफोर्नियात घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे, मोठ्यांचं नुसतं बोटीत असलं तरी चालतं असा नियम आहे, पण बोटीत ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही हो.

आणि विकिंगशोमची गोष्ट बाबांना नक्की सांगा, त्यांना आवडेल. लोरा जोसेफिन नाइट नावाच्या बाईंनी १९२९ साली स्कँडिनेव्हियन पद्धतीचा हा वाडा बांधून घेतला, काही छपरांवर चक्क माती घालून गवत उगवलंय. समोरच्या फॅनेट बेटावर त्यांनी दगडाची छोटी टी-हाउस बांधली आणि पाहुण्यांना बोटीने तिथे चहाला न्यायच्या. अख्ख्या टाहोमध्ये बेट हे एकच. पण १ फेब्रुवारी ते १५ जून त्यावर उतरायला बंदी असते, पक्षी घरटी करतात म्हणून. तुमची तारीख जूनच्या सुरुवातीची असेल तर लांबूनच बघा, पिल्लं असतात बिचारी.

आईला खाडी आतून बघायचीच असेल तर टाहोच्या नेवाडाकडच्या काठावरून, झेफर कोव्हहून, मोठी बोट एमराल्ड बेपर्यंत जाते, बसायला खुर्ची, टॉयलेट, सगळं. त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: आम्ही शनिवारी उशिरा पोचतो, दुपारी दोन ते पाच कयाक बुक केली तर चालेल ना? सकाळचे सगळे स्लॉट भरलेत. (सॅन होजे)

नाही. रविवारी सकाळचं काही मिळतंय का बघा, नाहीतर पुढच्या वेळी.

मला हे एकदा चांगलंच लागलंय म्हणून इतकं ठाम लिहितेय. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं दुपारी दीडला निघालो, जिथून घेतली त्यांनी कयाक हातात दिली, सही घेतली, वाऱ्याबद्दल एक शब्द सांगितला नाही आणि आम्ही पण विचारलं नाही. जाताना वारा पाठीशी होता, पंचवीस मिनिटांत एवढं लांब आलो की आम्हाला वाटलं आपल्याला छान जमतंय. वळलो तेव्हा कळलं. दीड तास वल्हवून अर्धं अंतर पण कापलं नव्हतं, लाटा बाजूने येऊन मांडीवर फुटत होत्या, नवऱ्याचे हात वळायला लागले, शेवटी मिळाली ती वाळू बघून कयाक वर ओढली आणि फोन केला. त्यांनी येऊन नेली, पण ते मधले वीस-तीस मिनिटं, किनारा दिसतोय आणि जवळ येत नाही, ती भीती मी विसरले नाहीये.

टाहोला उन्हाळ्यात रोजचा क्रमच असा असतो. सकाळी पाणी काचेसारखं, अकराच्या पुढे जमीन तापते आणि नैऋत्येकडून सिएराच्या डोंगरांवरून वारा खाली यायला लागतो, दुपारी पांढऱ्या फेसाच्या लाटा. तळं ३५ किलोमीटर लांब, १९ रुंद, त्यामुळे वाऱ्याला धावायला भरपूर जागा आणि पूर्वेच्या म्हणजे नेवाडाच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत लाटा मोठ्या झालेल्या असतात. म्हणून साधा हिशोब, सात-आठला पाण्यात, अकराच्या आत बाहेर. आणि सुरुवात नेहमी वाऱ्याच्या तोंडावर करा, दमल्यावर वाऱ्याने घरी आणलं पाहिजे. माझी चूक नेमकी इथेच झाली होती.

प्रश्न: मी कॉलेजमध्ये स्विमिंगच्या स्पर्धा जिंकलोय. जूनमध्ये हवा ८० डिग्री फॅरेनहाइट असताना लाइफ जॅकेट घालून घाम गाळायची खरंच गरज आहे का? (फ्रीमाँट)

आहे. हवा ८० असली तरी पाणी नसतं. हे सगळं डोंगरातल्या बर्फाचं पाणी, जूनमध्ये वरचा थर सुद्धा बऱ्याचदा पन्नाशीतच असतो, ऑगस्टमध्ये कुठे पासष्ट-सत्तरला जातो. इतक्या गार पाण्यात अचानक पडलं की पहिला एक मिनिट श्वासावर ताबाच राहत नाही, माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. इकडे एक-दहा-एक असं शिकवतात: पहिलं एक मिनिट श्वास सावरायला, मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि तासाभराने शुद्ध हरपते. तुमचं पोहणं त्या दहा मिनिटांत उपयोगी पडेल, पण पहिल्या मिनिटात तोंड वर ठेवायचं काम जॅकेटच करणार.

२०२५ च्या २१ जूनला टाहोवरच अचानक वादळ आलं, सहा-आठ फुटांच्या लाटा उठल्या आणि डी. एल. ब्लिस पार्कजवळ दहा माणसांची मोटरबोट उलटली, त्यातले आठ जण गेले. ती चांगली मोठी बोट होती. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, तुम्ही जा, पण आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की लगेच काठाला लागा.

कयाक उलटलीच तर ती सोडू नका. सरळ करा, मधोमध आडवं येऊन पोटावर तिच्यावर चढा, कूस बदलून बसा आणि शेवटी पाय. दिवसाच्या सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात एकदा मुद्दाम पडून हे करून बघा, तुम्ही पट्टीचे पोहणारे आहात, पाच मिनिटांत जमेल.

प्रश्न: त्या पारदर्शक कयाक खरंच एवढ्या भारी असतात का, का फक्त फोटोपुरत्या? आणि आमची स्वतःची हवा भरायची कयाक आहे, ती नेली तर? (डब्लिन, कॅलिफोर्निया)

पारदर्शक छान असते, पण जागा बरोबर पाहिजे. नेवाडाच्या काठावर सँड हार्बरच्या बाजूला ग्रॅनाइटचे गुळगुळीत प्रचंड धोंडे पाण्याखाली रचल्यासारखे पडलेत, उथळ पाणी, पांढरी वाळू, तिथे तळातून बघायला खरी मजा. खोल पाण्यात गेलात की टाहो ५०१ मीटर खोल आहे, खाली नुसता निळा रंग. तोही सुंदरच, पण त्याला साधी कयाक पुरते. आणि हे पाणी आहे तसं राहिलेलं नाहीये याचं मला फार वाईट वाटतं. १९६८ मध्ये पांढरी तबकडी सोडून मोजलं तेव्हा ती शंभर फुटांपर्यंत दिसत होती, आता साठ-सत्तर फुटांच्या आसपास. रस्त्यांवरून येणारी बारीक माती आणि शेवाळ, ही त्याची मोठी कारणं.

म्हणूनच तुमच्या स्वतःच्या कयाकबद्दल कळकळीने सांगते. ती आधी डेल्टामध्ये (सॅक्रॅमेंटो-सॅन वाकीन नद्यांच्या मुखाशी) किंवा दुसऱ्या कुठल्या तलावात वापरली असेल तर धुवा, आतलं पाणी पूर्ण काढा आणि घडीच्या सांध्यांसकट खडखडीत वाळवा. शिंपल्यांची डोळ्याला न दिसणारी पिल्लं त्या ओलाव्यात जगतात आणि एकदा तळ्यात शिरली की काढता येत नाहीत. तपासणीचे त्या वर्षीचे नियम निघायच्या आधी बघून घ्या. हवेची कयाक हलकी असते, वारा तिला पानासारखी ढकलतो, त्यामुळे सकाळचा नियम तुम्हाला दुप्पट लागू.

प्रश्न: टाहोचं वाचून छान वाटलं, पण आम्ही पुण्यात. पवनेला कयाक मिळते म्हणे, मुलांना (९ आणि १२) नेऊ का? (कोथरूड)

नक्की न्या. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर, चार किल्ले एका पाण्याभोवती, आणि पाण्यातून तुंगचं टोक बघितलं की मुलं स्वतःच विचारतात वर कधी जायचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं, काठाला चिखल आणि गाळ, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, शिवाय दुपारनंतर वळवाची वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. उन्हाळ्यात धरणातलं वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते मात्र जाऊन बघा, पायी.

काठावरच्या कॅम्पवाल्यांकडे कयाक असतात, पण जॅकेट नीट बघून घ्या. फोम दाबला की परत फुगायला हवा, बकल तुटकं नको, आणि मोठ्यांचं जॅकेट पट्टा आवळून मुलाला घालणं चालत नाही, ते डोक्यावरून निघतं. मुलांच्या मापाचं नसेल तर पैसे भरले असले तरी पाण्यात उतरू नका. प्रत्येक मूल एका मोठ्या माणसाबरोबर. रात्री मुक्काम असेल तर अंधारात आणि जेवणाआधीच्या "एक चक्कर मारून येतो" या वेळात कुणालाच कयाक देऊ नका, दारू घेतलेल्यांना तर नाहीच, कोणी कितीही चिडलं तरी. आणि खाऊच्या पिशव्या परत आणा, ते पिंपरी-चिंचवडचं प्यायचं पाणी आहे.

सकाळी साडेसहाला धुकं पाण्यावर असतं, सातपर्यंत निवळायला लागतं. त्या वेळी काठावर हजर राहा, कॅम्पवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा म्हणजे तो उठेल.