वाचकांचे प्रश्न : मांधाता बेट नीट कसे पाहावे?

प्रश्न : आम्ही इंदूरचेच; परंतु ओंकारेश्वराला जायचे म्हणजे पहाटे निघायचे, रांगेत उभे राहायचे आणि दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी परतायचे, एवढाच आमचा आजवरचा परिपाठ आहे. दिवाळीनंतर पुण्याहून माझी नणंद व तिचे यजमान येणार असून त्या दोघांना इतिहासाची आणि निसर्गाची आवड आहे. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईही असतील. बेटावर मुख्य मंदिराखेरीज पाहण्यासारखे काय आहे आणि त्यासाठी किती वेळ हाताशी ठेवावा?
(एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : एक रात्र मुक्काम ठेवावा, हे आमचे पहिले सांगणे. सिमरोल, बडवाह, मोरटक्का या मार्गाने अंतर जेमतेम 80 किलोमीटर असल्यामुळे इंदूरकरांना मुक्कामाची गरजच वाटत नाही आणि म्हणूनच आपल्यापैकी बहुतेकांनी देव पाहिलेला असतो, बेट पाहिलेले नसते. दक्षिण तीरावर शेगावच्या गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास आहे. मराठी कुटुंबांचा ओढा साहजिकच तिकडे असतो.

या बेटाचे नाव मांधाता. त्याच्या दक्षिणेकडून नर्मदेचा मुख्य प्रवाह उंच कड्यांच्या मधून जातो, तर उत्तरेकडच्या प्रवाहाला स्थानिक लोक कावेरी म्हणतात. कावेरी नावाची एक लहान नदी बेटाच्या अलीकडेच दक्षिणेकडून नर्मदेला मिळते. ती नर्मदेत न मिसळता तिला छेदून पलीकडे जाते आणि बेटाला उत्तरेकडून वळसा घालून पुन्हा नर्मदेत येते, अशी श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवली, तरी बेटाच्या पश्चिम टोकाचा संगम मुद्दाम पाहावा असाच आहे.

मुख्य मंदिरात शिरताना पाहुण्यांना दोन गोष्टी दाखवाव्यात. मंदिर पाच मजल्यांचे असले, तरी ज्योतिर्लिंग शिखराच्या बरोबर खाली नाही. ते घडवलेले नसून ओबडधोबड, नैसर्गिक पाषाणाचे आहे आणि त्याच्याभोवती पाणी असते. दुसरी गोष्ट सभामंडपाच्या कोरीव दगडी खांबांची. रांगेत ताटकळलेला माणूस या खांबांना टेकून उभा राहतो, पण त्यांच्याकडे पाहत नाही. रात्री शयन आरतीनंतर देवापुढे चौसर आणि फासे मांडून ठेवले जातात. शंकर-पार्वती रात्री इथे येऊन सारीपाट खेळतात, अशी समजूत त्यामागे आहे. सासूबाईंना ही आरती अवश्य घडवावी. दुपारी परतणाऱ्यांच्या वाट्याला ती येत नाही.

आता खरे बेट. त्याला प्रदक्षिणा घालणारी परिक्रमेची वाट सुमारे 7 किलोमीटरची असून मंदिरे पाहत, थांबत गेल्यास सकाळचे तीन-चार तास सहज लागतात. मंदिरापासून निघून नदीच्या कडेने पश्चिमेला संगमावर जावे. तिथे ऋणमुक्तेश्वराला चण्याची डाळ वाहण्याची प्रथा आहे. पुढे चढण लागते आणि माथ्यावर गौरी सोमनाथाचे मंदिर येते. तारकाकृती तलविन्यासाचे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पायावर उभे असलेले, हे भूमिज शैलीतील (शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी रचण्याच्या पद्धतीचे) मंदिर माळव्याच्या परमार राजांच्या काळातील वास्तुकलेशी नाते सांगते. आतले काळेभोर शिवलिंग इतके भव्य आहे की एकट्या माणसाच्या कवेत ते येत नाही; मामा-भाच्याने मिळून कवटाळले तर येते, असे तिथे सांगतात आणि त्यामुळे मामा-भाच्यांच्या जोड्या तिथे हौसेने प्रयोग करताना दिसतात. मंदिरासमोर प्रचंड नंदी आहे.

त्यानंतरचे सिद्धनाथ मंदिर म्हणजे, आमच्या मते, या बेटाचे सर्वोत्तम शिल्पवैभव होय. शिखर उरलेले नाही. चारही दिशांना खुले असलेले गर्भगृह, त्याच्या भोवतीचे स्तंभमंडप आणि खालचे उंच जोते एवढेच आज उभे आहे. परंतु त्या जोत्यावर हत्तींची जी रांग कोरलेली आहे, तिच्यापुढे माणूस थबकतो. प्रत्येक हत्तीचा पवित्रा निराळा आहे. पुष्कळांची मोडतोड झालेली असली, तरी अंगांतला जोर दगडात तसाच राहिला आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात हे जोते पाहावे. भर दुपारी उठाव सपाट दिसतात आणि दगडही तापतो. वाटेवर वानरे भरपूर असल्यामुळे प्रसादाची पिशवी हातात उघडी धरू नये.

माथ्यावरच बाल शंकराचार्यांचा 108 फूट उंचीचा पुतळा आहे. त्याचे अनावरण 21 सप्टेंबर 2023 रोजी झाले. गुरू गोविंद भगवत्पादांच्या शोधात शंकराचार्य या बेटावर आले, अशी परंपरा असून मुख्य मंदिराच्या परिसरातील गोविंद भगवत्पादांची गुहाही पाहता येते. पुतळ्याचे मूळ चित्र वासुदेव कामत यांचे आणि शिल्पकार सोलापूरचे भगवान रामपुरे, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगायला विसरू नका.

सासूबाईंना ही चढण झेपणार नाही. त्यांच्यासाठी नाव ठरवावी, मात्र बेटाच्या वरच्या अंगालाच 520 मेगावॅटचा ओंकारेश्वर जलविद्युत प्रकल्प असल्याने पाणी सोडले की पातळी झपाट्याने वाढते. भोंगा वाजला की पात्रातल्या खडकांवर क्षणभरही थांबू नये, आणि नावाडी नाही म्हणाला तर हुज्जत घालू नये. दक्षिण तीरावरचे ममलेश्वर मंदिर त्या सावकाश पाहू शकतील. त्याच्या भिंतीवर विक्रम संवत 1120, म्हणजे इसवी सन 1063 मध्ये कोरलेली स्तोत्रे असून त्यांत शिवमहिम्न आहे. ज्या घरांत रोज महिम्न म्हटले जाते, त्यांनी ही अक्षरे एकदा तरी डोळ्यांनी पाहावीत.

परतताना वेळ उरल्यास सनावदहून रावेरखेडीला जावे. 28 एप्रिल 1740 रोजी थोरल्या बाजीरावांचे निधन तिथे झाले आणि नर्मदाकाठी त्यांची समाधी आहे. पुण्याच्या माणसाला शनिवारवाडा पाठ असतो, पण ही समाधी त्याने सहसा पाहिलेली नसते.

प्रश्न : बेट ॐ अक्षरासारखे दिसते असे आम्हांला शाळेत सांगितले. ते खरोखर तसे दिसते का?
(एक विद्यार्थी, सुदामानगर)

उत्तर : काठावरून किंवा पुलावरून असे काहीही दिसत नाही. एक खोल घळ उत्तर-दक्षिण जाऊन बेटाचे दोन भाग करते. ही घळ आणि दोन्ही प्रवाहांची वळणे उंचावरून पाहिल्यास भाविकांना त्यात ॐ दिसतो. श्रद्धेने पाहणाऱ्याला तो दिसेल; नकाशावर काटेकोर अक्षर शोधणाऱ्याची निराशा होईल.

प्रश्न : यंदा नर्मदा परिक्रमा उचलण्याचा विचार आहे. ओंकारेश्वरापासून निघताना बेटावर जाऊन दर्शन घेता येईल का?
(एक ज्येष्ठ वाचक, रामबाग)

उत्तर : संकल्प करण्यापूर्वी अवश्य जावे. संकल्पानंतर नर्मदा ओलांडायची नसते आणि बेट तर नदीच्या पात्रातच आहे. म्हणून परिक्रमावासी दक्षिण तीरावरून, गोमुख घाटावरून निघतात आणि परिक्रमा पुरी झाल्यावरच बरोबर वागवलेले जल घेऊन ओंकारेश्वराला अर्पण करतात. मधल्या काळात ममलेश्वराचे दर्शन घेण्यास हरकत नाही, कारण ते मुख्य तीरावरच आहे.