फक्त पॉझिटिव्ह मोजून प्रमाण निघत नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि आम्ही जिथे अडकलो होतो तीच जागा दिसली. एका तपासणी केंद्राकडून तुम्हाला क्लॅमिडिया, गोनोरिया आणि सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांच्या वर्षभरातल्या पॉझिटिव्ह केसेसचा आकडा मिळालाय. त्याला त्या भागाच्या लोकसंख्येने भागून तुम्ही प्रमाण काढलंय. ते मागच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट येतंय, म्हणून 'संसर्ग वाढतोय' असं अहवालात लिहू का, असं विचारताय. कृपया लिहू नका. निदान अजून तरी नको.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सर्वेक्षणं आणि आकडेमोड एवढंच माझं काम, त्यामुळे उपचारांबद्दल माझ्याकडून काही घेऊ नका. प्रिव्हलन्स (एका वेळी किती जण बाधित आहेत) आणि इन्सिडन्स (ठरावीक काळात किती नवे बाधित झाले) यातला फरक तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

तुमच्या आकड्यात अंश आहे, योग्य छेद नाही. किती जणांची तपासणी झाली, ते कोण होते, कशासाठी आले होते आणि कोणत्या चाचणीने तपासले, हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आम्हाला ज्या कार्यालयाकडून आकडे यायचे (नाव लिहीत नाही) ते दर तिमाहीला फक्त पॉझिटिव्हची संख्या पाठवायचं. एकूण तपासण्या किती, असं विचारलं की 'तो कॉलम आमच्या नमुन्यात नाही' हे उत्तर ठरलेलं. पत्र दिलं, स्मरणपत्रं दिली. शेवटी लेखी उत्तर आलं की विषय संवेदनशील असल्याने जादा माहिती देता येणार नाही. नावं, पत्ते कुणी मागितलेच नव्हते. एकूण चाचण्यांच्या संख्येतून कुणाची ओळख कशी उघड होते, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मग एका वर्षी गोनोरियाचे आकडे एकदम चढले. वरून विचारणा सुरू झाली, दुसऱ्या कामांचे पैसे तिकडे वळवले गेले, आणि ज्या वस्तीतून जास्त केसेस दिसत होत्या तिथल्या लोकांना नको ती बोलणी ऐकावी लागली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. खूप उशिरा कळलं की वर्षाच्या मध्यात प्रयोगशाळेने स्लाइडवर जंतू शोधणं थांबवून जनुकीय चाचणी (नॅट) सुरू केली होती, शिवाय लक्षणं नसलेल्यांचेही नमुने घ्यायला लागले होते. स्त्रियांमधला गोनोरिया स्लाइडवर बऱ्याचदा सुटतो, नॅटमध्ये सापडतो. मग संसर्ग खरोखर किती वाढला होता? आम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. चाचण्यांची संख्या आणि पद्धत बदलल्याची तारीख हाताशी असती, तर निदान धोक्याची घंटा वाजवण्याआधी थांबलो असतो.

म्हणून केंद्राकडे आधी हेच मागा: महिन्यागणिक एकूण चाचण्या, चाचणीचा प्रकार आणि किट, पद्धत बदलली असेल तर कधी, आणि एकाच माणसाच्या पुन्हा केलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यात का. उपचारानंतर काही आठवडे नॅट मेलेल्या जंतूंमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा सोडू नका.

हे सगळं मिळालं तरी केंद्रात आलेले लोक म्हणजे समाज नव्हे. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही, त्या येणारच नाहीत. केंद्रात तपासलेल्यांच्या संख्येने भागलंत तर प्रमाण फुगतं, अख्ख्या लोकसंख्येने भागलंत तर आक्रसतं. भारतातल्या एचआयव्हीच्या अंदाजाचं पाहा. तो मुख्यतः गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रांतल्या आणि गुप्तरोग दवाखान्यांतल्या नमुन्यांवर उभा होता, सुमारे ५२ लाख बाधित. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी रक्ताचे नमुने घेतले, तेव्हा १५ ते ४९ वयोगटात प्रमाण ०.२८ टक्के निघालं. तो आधार आणि वाढवलेली केंद्रं धरून २००७ मध्ये अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. अर्थात घरोघरीच्या पाहणीतूनही तुरुंगातली, रस्त्यावर राहणारी, सतत फिरतीवरची माणसं सुटतात, म्हणून तीही एकटी पुरत नाही.

चाचणीची चूकही हिशोबात धरा. समजा १००० जणांपैकी खरे बाधित २० आहेत. चाचणी बाधितांपैकी ९० टक्के ओळखते (ही सेन्सिटिव्हिटी) आणि निरोगींपैकी ९८ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते (ही स्पेसिफिसिटी). म्हणजे खरे १८ सापडतील आणि उरलेल्या ९८० मधले सुमारे २० विनाकारण पॉझिटिव्ह येतील. कागदावर ३.८ टक्के, प्रत्यक्षात २. रोगन-ग्लॅडन सूत्राने हे दुरुस्त होतं: दिसलेलं प्रमाण अधिक स्पेसिफिसिटी वजा १, भागिले सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा १. प्रमाण कमी असतं तेव्हा स्पेसिफिसिटीतला एखाद्या टक्क्याचा फरकही आकडा बिघडवतो.

सिफिलिस वेगळाच ठेवा. टीपीएचए ही सिफिलिसची अँटीबॉडी शोधणारी रक्तचाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की उपचार होऊनही बहुतेकांत आयुष्यभर तशीच राहते. आताचं प्रमाण हवं असेल तर जोडीला आरपीआर किंवा व्हीडीआरएल या दुसऱ्या रक्तचाचण्यांचं टायटर (अँटीबॉडीची पातळी) लागतंच. नुसत्या टीपीएचएवरून 'सध्याचे रुग्ण' लिहिलेले अहवाल मी पाहिलेत, ते मला चुकीचेच वाटतात.

स्वतः नमुना घेणार असाल तर २ टक्के अपेक्षित प्रमाण एका टक्क्याच्या फरकापर्यंत पकडायला साधारण ७५० जण लागतात. वस्तीवार गट निवडलेत तर दुप्पट धरा. नॅटसाठी स्त्रियांना स्वतः घेतलेला योनीतला स्वॅब लघवीपेक्षा चांगला, पुरुषांना लघवीची पहिली धार पुरते. किती जणांनी नकार दिला आणि ते कोणत्या वयाचे, हेही नोंदवा.

एक आग्रह, पटला नाही तरी तुमच्या एथिक्स कमिटीला विचारा. नाव न जोडता तपासून निकालच न कळवणं सोपं पडतं, पण औषधाने बऱ्या होणाऱ्या संसर्गांत मला ते मान्य नाही. ज्याला संसर्ग सापडला त्याला कळवायची आणि औषध मिळायची सोय नसेल तर नमुने घेऊच नका.

वयोगट पाच-पाच वर्षांचे ठेवा. क्लॅमिडिया पंचविशीच्या आतल्यांत जास्त सापडतो, आणि १५ ते ४९ ची एकच सरासरी काढलीत तर ते दिसणारच नाही. केंद्राने चाचण्यांची संख्या दिली तर इथे टाका, दोन्ही वर्षांची तुलना करता येते का ते पाहू.