निकाल, केटी आणि छायांकित प्रत: सत्रअखेरीचे काही प्रश्न

सत्र परीक्षा आणि निकालांचे हे दिवस असल्यामुळे या वेळी आलेली बहुतेक पत्रे परीक्षा विभागाच्या खिडकीपाशीच घुटमळणारी आहेत. त्यांतील चार पत्रे निवडली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका विषयात उत्तीर्ण होण्यासाठी तीन गुण कमी पडले. तो पेपर मला चांगला गेला होता आणि दोन पुरवण्याही जोडल्या होत्या. महाविद्यालयाच्या कार्यालयात सांगतात की थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा. मित्र म्हणतात, पैसे वाया घालवू नकोस, केटी (म्हणजे राहिलेल्या विषयाची पुन्हा परीक्षा) देऊन मोकळा हो. मी काय करावे? (एक विद्यार्थी, सातारा जिल्हा)

उत्तर: दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा आणि आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरे दुसऱ्या परीक्षकाकडून नव्याने तपासून घेणे. त्याचे शुल्क भरण्याआधी मुळात काय चुकले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बरे. प्रत हाती आली की प्रथम मुखपृष्ठावरील प्रश्ननिहाय गुणांचा तक्ता आतील पानांवरील गुणांशी जुळवून पाहा आणि बेरीज स्वतः करा. त्यानंतर एखादे उत्तर न तपासता राहिले आहे का, हे प्रत्येक पान उलटून पाहा. विशेषतः शेवटच्या पानांवर, एखाद्या प्रश्नाचा राहिलेला भाग लिहिलेला असतो तिथे, नजर चुकण्याची शक्यता अधिक असते. तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा पुरवण्यांचा आहे. जोडलेल्या पुरवण्यांची संख्या मुख्य उत्तरपत्रिकेवर नोंदवलेली असते. ती संख्या दोन असून प्रतीत एकच पुरवणी दिसत असेल, तर हा पुनर्मूल्यांकनाचा विषयच नाही. ती हरवलेली पाने शोधण्याची लेखी तक्रार होते आणि ती परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे करावी लागते. बेरीज चुकली असेल किंवा एखादे उत्तर तपासायचे राहिले असेल, तर गुणपडताळणीवरच काम भागते. सर्व उत्तरे तपासलेली आहेत, पण गुण कमी वाटतात, एवढीच तक्रार उरली तर मात्र पुनर्मूल्यांकनाचा विचार करावा. त्याआधी त्या विषयाच्या प्राध्यापकांना प्रत दाखवून त्यांचे मत घ्यावे. दुसऱ्या तपासणीत गुण कमी झाले तर कोणते गुण ग्राह्य धरायचे, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असल्याने आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक वाचल्याशिवाय अर्ज करू नये.

या साऱ्या अर्जांची मुदत निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजतात. गुणपत्रिका महाविद्यालयात उशिरा पोहोचली, ही सबब चालत नाही. अर्ज ऑनलाइन असेल तर शुल्क भरल्याची पावती जपून ठेवावी. कागदी असेल तर दोन प्रती न्याव्यात, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा आणि तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. "ठेवून जा, बघतो" या आश्वासनाला पुढे कोणीही पुरावा मानत नाही.

मित्रांच्या सल्ल्यातही तथ्य आहे, पण ते वेगळ्या कारणासाठी. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागण्याआधीच केटीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपून गेली, असे वारंवार घडते. म्हणून एकीकडे दाद मागत असतानाच केटीचा अर्जही वेळेत भरून ठेवावा. तसेच किती विषय राहिले असता पुढील वर्षात प्रवेश मिळतो, हे आपल्या अभ्यासक्रमाच्या एटीकेटी नियमांत पाहावे, कारण एकाच विद्यापीठात कला आणि अभियांत्रिकी या शाखांचे हे नियम सारखे नसतात.

तुम्ही विचारलेले नाही, तरी माहिती असावी म्हणून सांगतो. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते आणि तिची प्रत मिळवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला आहे. महाराष्ट्रात या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. मात्र उत्तर देण्यासाठी कार्यालयाला तीस दिवस मिळतात आणि तेवढ्यात पुनर्मूल्यांकनाची मुदत उलटलेली असू शकते. त्यामुळे विद्यापीठाच्या नेहमीच्या वाटेने प्रत मिळत असेल तर तीच वाट धरावी.

प्रश्न: परीक्षा संपून दोन महिने होत आले, तरी आमचा निकाल नाही. पुढील प्रवेशाचे अर्ज सुरू झाले आहेत. निकालाला काही कायदेशीर मुदत आहे का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर: आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत तो जाहीर करायचा असतो. मुदत कायद्यात असली तरी निकाल आपोआप वेळेवर लागतो असे नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली तेव्हा निकाल रखडत गेले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तुम्ही सध्या दोन गोष्टी कराव्यात. जिथे प्रवेश घ्यायचा आहे तिथे "निकाल प्रतीक्षेत" असे नमूद करून अर्ज भरता येतो का, हे विचारावे आणि निकाल लागलेला नसल्याचे पत्र प्राचार्यांकडून घ्यावे. त्याचबरोबर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. तक्रारीत राग कमी आणि तारखा जास्त असाव्यात. परीक्षा कधी संपली, प्रवेशाची शेवटची तारीख कोणती, कोणाला कधी विचारले, एवढे एका पानात मावते.

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात वसतिगृहात राहते. परीक्षा जवळ आली की ती जेवत नाही, रात्र रात्र झोपत नाही आणि फोनवर नीट बोलत नाही. आम्ही गावाकडे आहोत. तिला परत बोलवावे का? (एक वडील, नांदेड जिल्हा)

उत्तर: लगेच बोलवण्याचे ठरवू नका, पण भेटायला जा, आणि जाताना "अभ्यास किती झाला" हा प्रश्न घरी ठेवून जा. तिच्याशी बोलताना मदतीचा एक पत्ता तिच्या हाती द्या. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहे, तो दिवसरात्र चालू असतो, फोन नि:शुल्क आहे आणि मराठीतही बोलता येते. हा फोन तुम्ही स्वतःही करू शकता. काळजीत पडलेल्या पालकाने काय बोलावे आणि काय टाळावे, हे तिथे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. महाविद्यालयात समुपदेशक आहेत का, हेही पाहावे. जगणे नकोसे झाल्याचा सूर तिच्या बोलण्यात आला, तर परीक्षेचा विचार सोडून त्याच दिवशी तिच्याजवळ पोहोचा, तोवर तिला एकटी ठेवू नका असे मैत्रिणींना आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. एखादा पेपर पुढच्या सत्रात देता येतो.

प्रश्न: परीक्षेच्या दहा दिवस आधी दुचाकीवरून पडून माझा उजवा हात मोडला. लेखनिक मिळेल का? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर: दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळेची तरतूद केली, परंतु अपघाताने काही काळ हात निकामी झालेल्यांना विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांवर अवलंबून राहावे लागते. तेव्हा प्लास्टर घातल्याच्या नोंदीसह वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून आजच प्राचार्यांकडे अर्ज द्या. शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते का, लेखनिक कोणत्या इयत्तेपर्यंतचा चालतो आणि तुम्हाला जादा वेळ मिळेल का, हे तीन प्रश्न अर्ज देतानाच विचारा. लेखनिकाचे ओळखपत्र आणि छायाचित्र आधीच जमवून ठेवा. परवानगीचे पत्र परीक्षा केंद्रप्रमुखांच्या हाती पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत पोहोचले आहे, याची खात्री स्वतः जाऊन करा, कारण पेपरच्या सकाळी वर्गाच्या दारात उभे राहून हा विषय सुटत नाही.