लॉर्डेरॉन कोणाचे?

प्रश्न : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातल्या दोन शत्रू गटांपैकी मी अलायन्सकडून खेळतो, तर माझा मित्र हॉर्डकडून. लॉर्डेरॉनचे राज्य मूळचे मानवांचे, म्हणून ते मानवांना परत मिळावे असे माझे म्हणणे आहे. ते फोर्सेकनांचेच, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठलेल्यांचेच आहे, असे तो ठासून सांगतो. खरा हक्क कोणाचा?

उत्तर : आपण ‘मानवांचे’ असे लिहिले आहे आणि सगळा घोळ त्याच शब्दात आहे. फोर्सेकन बाहेरून चालून आले असते, तर आपल्या बाजूने निकाल देणे सोपे होते. पण त्यांच्यातले बहुतेक जण याच राज्याचे प्रजाजन होते. २००२ मध्ये आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ची कथा आठवावी. राजपुत्र आर्थस उत्तरेकडून घरी परततो, राजधानीत त्याच्यावर फुलांच्या पाकळ्या उधळल्या जातात, आणि सिंहासनासमोर तो आपल्या पित्याचा, राजा टेरेनासचा, वध करतो. त्यानंतर स्कर्जने, म्हणजे मृतांच्या सैन्याने, राज्य उद्ध्वस्त केले, मेलेल्यांना उठवले आणि त्या सैन्याचा धनी लिच किंग याच्या इच्छेला जखडून टाकले. पुढे त्याची पकड सैल झाली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःचे भान परत आले. अशीच भानावर आलेल्या सिल्व्हानस विंडरनरने त्यांना एकत्र केले, ‘टाकून दिलेले’ या अर्थाचे नाव दिले आणि राजधानीच्या अवशेषांखाली अंडरसिटी वसवली.

आता दाव्याकडे पाहू. जे जिवंत निसटले आणि दक्षिणेकडे आश्रयाला गेले, ते स्वतःला वारस म्हणवतात. परंतु वारसाचा हक्क सुरू होतो तो मूळ मालकाच्या मृत्यूनंतर, आणि त्या मालकाने जाताना घर रिकामे केलेले असते, असे आपण न बोलता गृहीत धरतो. येथे मयत स्वतःच उंबरठ्यावर उभा आहे आणि ‘मी अजून इथेच राहतो’ असे सांगतो आहे. अशा प्रसंगी वारसाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही नेहमीच्या न्यायात सापडत नाही. माझा कल आपल्या मित्राकडे आहे, हे लपवत नाही.

खेळाच्या नियमांनी हा तिढा आणखी घट्ट केला आहे. हयातभर मानवांची कॉमन भाषा बोललेल्या लॉर्डेरॉनच्या शेतकऱ्याला मृत्यूनंतर पात्र म्हणून निवडले, तर त्याला कॉमन येत नाही. त्याने लिहिलेले वाक्य अलायन्सच्या खेळाडूला निरर्थक अक्षरांचा गठ्ठा म्हणून दिसते. कथेच्या दृष्टीने हे विचित्रच आहे, पण दोन्ही गटांनी बोलून वाद मिटवू नये, अशीच ती रचना होती. आपल्याला या वादाचा मूळ पुरावा पाहायचा असेल, तर २०१८ मधल्या विध्वंसापूर्वीच्या रूपातल्या अंडरसिटीकडे उतरण्याआधी वरच्या पडक्या दालनातून सावकाश चालत जावे. जमिनीवर त्या स्वागताच्या सुकलेल्या पाकळ्या अजून पडलेल्या आहेत, आणि खेळाचा आवाज वाढवून सिंहासनाजवळ थांबले, तर त्या दिवसाचे पुसट प्रतिध्वनी ऐकू येतात. त्या पाकळ्या उधळणाऱ्यांतलेच काही खाली राहत असावेत, असे मला तेथे नेहमी वाटते.

तरीही मित्राला एक गोष्ट अवश्य ऐकवावी. सिल्व्हानस स्वतः लॉर्डेरॉनची नव्हे, ती क्वेलथालास या एल्फांच्या राज्यातली. २०१८ च्या ‘बॅटल फॉर ॲझेरॉथ’ या खेळाच्या विस्तारभागात अलायन्सने वेढा घातला, तेव्हा तिने ती जागा स्वतःच्याच विषारी ब्लाइटने भरून टाकली आणि निघून गेली. ज्यांना ती भूमी खरोखर घर वाटत होती, त्यांना कोणी विचारले नाही. फोर्सेकनांच्या हक्काला यामुळे बाध येत नाही, पण त्यांच्या वतीने बोलण्याचा तिचा अधिकार मात्र नक्कीच संपतो.

प्रश्न : जो आधी आला त्याची जमीन, असा साधा नियम लावला तर असे सगळे वाद सुटणार नाहीत का?

उत्तर : तो नियम क्वेलथालासला लावून पाहा. हाय एल्फ तेथे येण्यापूर्वी ती भूमी अमानी ट्रोलांची होती. एल्फांनी त्यांना हटवून राज्य उभारले, आणि पुढच्या ट्रोल युद्धांत आरॅथोर राज्यातल्या १०० मानवांना जादू शिकवून, त्यांच्या मदतीने अमानींचे कंबरडे मोडले. अमानींचा नेता झुलजिन हा १९९५ च्या ‘वॉरक्राफ्ट २’पासूनचा. एल्फांच्या कैदेत त्याने डोळा गमावला आणि सुटण्यासाठी स्वतःचा हात तोडला. तो ज्या हॉर्डच्या भरवशावर लढला होता, तिनेच पुढे ब्लड एल्फांना, म्हणजे पूर्वीच्या त्याच हाय एल्फांना, आपल्यात घेतले. ‘आधी आला त्याची जमीन’ हा आपला नियम मानला, तर न्याय झुलजिनच्या बाजूने आहे.

खेळाने काय केले? २००७ मध्ये झुलअमान ही १० खेळाडूंची रेड, म्हणजे गटाने करायची चढाई, आली आणि झुलजिन तिचा शेवटचा बॉस झाला. दोन्ही गटांचे खेळाडू तेथे जात, त्याला मारत आणि त्याची लूट वाटून घेत. ब्लड एल्फ म्हणून पात्र तयार करता येते, अमानी म्हणून येत नव्हते. म्हणून एकाचे दुःख क्वेस्टच्या, म्हणजे खेळातल्या कामगिरीच्या, मजकुरात उतरले आणि दुसऱ्याचे दुःख हा उपद्रव ठरला. कोण आधी आले यापेक्षा पात्रनिवडीच्या पडद्यावर कोणाचा चेहरा आहे, यावर येथे हक्क ठरतो. ही टीका मी खेळ आवडतो म्हणूनच करतो आहे. झुलजिनची बाजू कथेत लिहिली गेली नसती, तर हा अन्याय आपल्याला दिसलाच नसता.

प्रश्न : हरवलेली मायभूमी या खेळात कधी कोणाला परत मिळाली आहे का?

उत्तर : मिळते, पण फार सावकाश आणि क्वचितच पूर्ण. नोम या बुटक्या जमातीचे शहर नोमरेगन २००४ मध्ये खेळ सुरू झाला तेव्हाच किरणोत्साराने भरलेले होते. २०१० मधल्या मोहिमेत वरचा भाग परत आला, आतले शहर मात्र डंजनच, म्हणजे शत्रूंनी भरलेले लढाईचे ठिकाणच, राहिले. डंजन परत केले तर तेथे खेळायचे काय, ही अडचण कोणताही राजा सोडवू शकत नाही.

गिल्नियसचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’मध्ये वॉर्गेनांची, म्हणजे लांडगा-मानवांची, ही भूमी फोर्सेकनांच्या आक्रमणामुळे गेली. सिल्व्हानसने राजा गेन ग्रेमेनवर सोडलेला बाण त्याचा मुलगा लियाम याने मध्ये येऊन स्वतःवर घेतला. २०२४ च्या जानेवारीत वॉर्गेन परतले, तेव्हा शहर स्कार्लेट क्रुसेड या कट्टर मानवी पंथाच्या हातात होते, आणि त्यांना हुसकण्यासाठी गेनला ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढावे लागले, त्यांत फोर्सेकन होते. आपण वॉर्गेन म्हणून खेळत असाल, तर ती क्वेस्टमालिका घेण्यापूर्वी सुरुवातीचा लियामचा प्रसंग पुन्हा एकदा खेळून यावे.