वाचक विचारतात : जुना पियानो, सागवान आणि मे महिन्याची झळ

प्रश्न : जळगावात एक जुना उभा पियानो विकायला आहे. बाहेरून पॉलिश सुंदर आहे. पैसे देण्यापूर्वी काय तपासावं?

उत्तर : पॉलिशकडे शेवटी बघा. आधी वरचं झाकण उघडा आणि आतल्या दोन फिरकी खिट्ट्या सोडवून पुढची फळी बाहेर काढा. वरच्या बाजूला तारा गुंडाळलेल्या लोखंडी खुंट्यांच्या रांगा दिसतील. या खुंट्या मेपल किंवा बीचच्या थरांनी बनवलेल्या जाड फळीत केवळ घर्षणावर रुतलेल्या असतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते लाकूड आकसतं, भोकं सैल होतात आणि लावलेला सूर टिकत नाही. खान्देशात पडून राहिलेल्या पियानोत मोठा खर्च बहुतेक इथेच निघतो.

ओळखायचं असं : मधल्या भागापासून उजवीकडे बोटाने दाबायच्या प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. एकेक पट्टी वाजवून दोन-तीन सेकंद ऐका. आवाज वॉव-वॉव असा हेलकावत असेल, तर त्या तीन तारांचे सूर एकमेकांपासून सरकले आहेत. सगळा पियानो सारखाच उतरला असेल तर घाबरू नका, तो नुसता दुर्लक्षित आहे. पण शेजारशेजारच्या वीसेक पट्ट्या भयंकर बेसूर आणि बाकीच्या बऱ्या, असं आढळलं तर खुंट्यांच्या फळीला तडा असण्याची दाट शक्यता आहे. खुंट्या आत ठोकलेल्या दिसल्या, म्हणजे तारेचे वेटोळे लोखंडी चौकटीला टेकले असतील, तर पूर्वी कुणीतरी हाच रोग दाबून ठेवला आहे. विखुरलेल्या दहा-बारा खुंट्या सैल असतील तर एक नंबर जाड खुंट्या घालून काम भागतं. तडा गेलेली फळी बदलायची तर सगळ्या तारा उतरवाव्या लागतात. तसा पियानो घेऊ नका.

मग मागची बाजू. पियानो भिंतीपासून ओढून (वजन २०० किलोंच्या पुढे, चार माणसं हवीत) साउंडबोर्डवर, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या पातळ लाकडी फळीवर, टॉर्च मारा. तिला चिकटवलेल्या आडव्या लाकडी पट्ट्या सुटलेल्या असतील तर हाताने दाबल्यावर तिथे फट उघड-मिट होते, आणि वाजवताना झणझण येते. नुसती चीर असेल, पट्टी घट्ट असेल, तर ती पुष्कळदा निरुपद्रवी असते. अशा दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये त्यांना समांतर दोरा ताणून धरा. मधोमध एक-दोन मिलिमीटर अंतर दिसलं तर फळीचा तारांच्या दिशेचा बाक शाबूत आहे.

तळाशी उधईची माती आहे का, तेही बघा. वाजवायच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक आडवी सांधरेषा आणि नैसर्गिक रेघा दिसल्या तर तो हस्तिदंत असू शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, तेव्हा आधी खात्री करा.

घरी आणल्यावर लगेच पूर्ण सुरात चढवायला सांगू नका. अर्धा स्वर चढवला तर ताण सुमारे १२ टक्के वाढतो. एकूण ताण १८ टन धरला तरी ही दोन टनांची भर होते, आणि गंजलेल्या खर्जाच्या तारा तुटतात. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोनदा लावून घ्या.

प्रश्न : भुसावळला कूलरशिवाय मे महिना निघत नाही. पियानोच्या खोलीत कूलर चालेल का?

उत्तर : त्याचा झोत पियानोवर नको. पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे ती २० च्या आसपास उतरते, श्रावणात ८० वर चढते. कूलर दिवसा ओल आणि रात्री बंद झाल्यावर कोरड, असे झोके देतो. लाकडाला हेच सर्वांत बाधतं. कूलर शेजारच्या खोलीत ठेवा, मधलं दार अर्धं उघडं असू द्या, आणि आर्द्रतामापक पियानोशेजारी ठेवून काटा ६० ला पोचला की दार लावा. पियानो पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावू नका. पहिल्या पावसात सूर लावून घेणं म्हणजे पैसे वाया, कारण साउंडबोर्डची फळी अजून फुगत असते. ऑगस्टच्या मध्यावर एकदा आणि जानेवारीत एकदा लावा.

प्रश्न : मी नवापूरकडे सुतारकाम करतो. इथे उत्तम सागवान मिळतं, मग साउंडबोर्ड स्प्रूसचाच का?

उत्तर : तारेची थरथर घोडीतून (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीतून) या फळीत उतरते आणि फळी हवा हलवते. त्यासाठी लाकूड हलकं आणि तरी ताठ हवं. स्प्रूस हे सूचिपर्णी झाडाचं लाकूड घनमीटरला ४०० ते ४५० किलो भरतं, साग साधारण ६५०. ताठपणात साग थोडाच पुढे, वजनात मात्र दीडपट, म्हणून तारेची शक्ती जड फळी हलवण्यातच खर्ची पडते. सतारीची तबली सागाची किंवा तुणाची चालते, पण तिथला ताण किलोंत मोजायचा असतो. इथे सव्वादोनशेच्या आसपास तारा आहेत. लोखंडी चौकट त्यांचा ताण पेलते, तरी घोडीवरून शेकडो किलोंचा दाब फळीवर येतोच, आणि फळी मध्यभागी जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाड. ओंडका असा चिरतात की वलयं फळीच्या पृष्ठाला उभी येतात. मग रुंदीत फुगणं-आकसणं कमी होतं.

साग कमी आकसतो, म्हणून बाहेरची पेटी, पाय आणि बाक यांसाठी जरूर वापरा. फक्त त्यातलं तेल चिकटवणीची पकड सैल करतं. सांधा ॲसिटोनने पुसून लगेच जोडा.

प्रश्न : धुळ्याहून : हातोड्यांच्या नमद्याला कसर लागली आहे. काय करावं?

उत्तर : नमदा, म्हणजे तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा दाबलेला जाड थर, लोकरीचा असल्याने कसर त्यावर जगते. आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने अळ्या-कोश काढा, पट्ट्यांखालचा नमदाही तपासा. नॅफ्थलीनच्या गोळ्या कापडी पुरचुंडीत, लाकडाला न टेकता टांगा. कीटकनाशकाचा फवारा आत मारू नका. सांध्यांतलं कापड भिजलं की हातोड्या अडकतात. नमदा लाकडापर्यंत खाल्ला असेल तर हातोड्यांचा पूर्ण संच बदलावा. मधल्या दोन-चारच बदलल्या तर त्या पट्ट्या वेगळ्याच वाजतात.