खाडीतले मळकट रोहित

प्रश्न : ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीतले फ्लेमिंगो (रोहित पक्षी) पाहिले. काही मळकट पांढरे होते. प्रदूषणाने रंग उडाला का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : छे हो, ती पोरं! पिल्लं राखाडीच जन्मतात, गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं जातात. रंग येतो खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यातून. मान खाली घालून, चोच उलटी धरून, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत ते सूक्ष्म शेवाळ गाळून घेतात. शिवाय ‘मोठा रोहित’ ही जात मुळातच फिकी. गडद गुलाबी ती ‘लहान रोहित’ ही दुसरी जात. खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, म्हणून सांडपाणी थांबलं असं मात्र नाही. रोहित बघायला शिवडीला जाणार असाल तर आधी भरतीची वेळ बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब सरकतात, की दुर्बिणीतूनही नुसती गुलाबी रेघ दिसते.